वीस काळे कोट

धुलाईच्या दुकानात सगळ्यात अवघड काम कुठलं, असं कोणालाही विचारा, तो म्हणेल डाग काढणं. तसं नाही. डाग निघतो नाहीतर निघत नाही, आणि काय झालं ते डोळ्यांना दिसतं. खरं अवघड काम म्हणजे कुठला कपडा कोणाचा, हे न विसरणं.

या दुकानात त्यासाठी धाग्याची खूण घालत. कपडा आला की कॉलरच्या आतल्या बाजूला, मानेला टोचणार नाही अशा बेताने, दोन-तीन बारीक टाके. कोणाचे लाल दोन, कोणाचा निळ्यावर पिवळा एक. कागदाची चिठ्ठी भिजते, शाई उडते, धागा मात्र मालकाशी इमान राखतो, असं आजोबा म्हणत. आजोबा गेले, पण त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी भिंतीवर राहिली. तिच्यावर तीन नियम होते. पहिला, खिसे आधी तपासावेत. दुसरा, एका वेळी एकाच कपड्याची जुनी खूण कापावी आणि नवी घातल्याशिवाय पुढच्याला हात लावू नये. तिसरा, चूक ज्याची असेल त्यानेच सांगावी.

पुढे दुकान आणि मागे घर, मधे एक दार. दाराच्या उंबऱ्यावर पितळेची पट्टी होती, पावलांनी घासून घासून मधोमध चकचकीत झालेली. बाबा वाफेच्या इस्त्रीपाशी, आई काउंटरवर, आत्या मागच्या मोरीत धुण्याच्या यंत्रापाशी. आणि दोन मुली. थोरली बारा वर्षांची, धाकटी नऊ.

धाकटीची जागा ठरलेली होती. टांगलेल्या कपड्यांच्या रांगेमागे, कोपऱ्यात, एक बुटकं स्टूल आणि धाग्यांची पेटी. पेटीत चौसष्ट रिळं. शाळेतून आली की हातपाय धुऊन चार वाजता ती तिथे बसायची, ते सहापर्यंत. चारला एक मिनिट कमी असलं तर ती पट्टीपाशी थांबून एक मिनिट जाऊ द्यायची. कोणाचा धागा कुठला, हे आईला वही उघडून बघावं लागे. धाकटीला नाही. ती प्रत्येक कपडा हातात घेई, खूण बोटाने चाचपून बघे, चुकली असेल तर सांगे. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची नाही, कानाकडे बघायची. धाग्याचं टोक ओठावरून फिरवत एकच सूर धरून गुणगुणायची. वाफेचं यंत्र फुस्स करायच्या आधीच दोन्ही हात कानांवर ठेवायची, म्हणजे तिला ते आधी कळायचं. डॉक्टरीणबाईंनी या सगळ्याला एक नाव दिलं होतं, अ‍ॅस्पर्गर. थोरलीला नाव पाठ होतं, पण नाव पाठ असणं वेगळं.

मैना नसती तर हे सगळं झालं नसतं, असं थोरलीने पुढे बरेच दिवस स्वतःला सांगून पाहिलं. ते काही पटलं नाही.

मैना हे काही तिचं खरं नाव नव्हे. तोंड मिटत नसे म्हणून वर्गाने ठेवलेलं. तिच्या वडिलांनी समोरच छापखाना काढला होता, आणि नवीन मुलगी, त्यात बोलकी, म्हणजे सगळा वर्ग तिच्या मागे. त्या मैनेने एका बुधवारी थोरलीला विचारलं, "तुमच्या दुकानात येऊ का गं?" थोरलीला आभाळ ठेंगणं झालं.

त्या दिवशी टेबलावर वाद्यवृंदाचे वीस काळे कोट पडले होते. शनिवारी त्यांचा कार्यक्रम होता. धुऊन, इस्त्री होऊन तयार होते. जुने धागे विरले होते म्हणून तेवढ्या खुणा नव्याने घालायच्या होत्या. बाबांनी ते काम थोरलीवर सोपवलं होतं, आणि ते आत्याबरोबर कपडे पोचवायला गेले होते. आई काउंटरवर एका गिऱ्हाइकाशी पडद्यांवरून हुज्जत घालत होती.

मैना कपड्यांच्या रांगेतून वाट काढत आली आणि तिला कोपऱ्यात धाकटी दिसली. ओठावर धागा, घशात सूर, अंग मागे-पुढे डुलतंय.

"अगबाई, ही कोण?" मैना हसत म्हणाली. "ही काय करते?"

थोरलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तोंडातून शब्द निघाले ते तिने आधी जुळवलेले नव्हते. आपोआपच आले.

"आमच्याकडे धुवायला बाई येतात ना, त्यांची मुलगी."

अशी बाई कोणी नव्हतीच.

धाकटीचा सूर थांबला. तिने मान वर केली, थोरलीच्या कानाकडे बघितलं, आणि आता ती बोलणार हे थोरलीने ओळखलं. चूक दिसली की धाकटी बोलायचीच.

"तू आत जा," थोरली घाईघाईने म्हणाली. "कपाटाच्या खोलीत बस. मी बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नाही."

घड्याळात पावणेपाचच झाले होते. धाकटीने घड्याळाकडे बघितलं, थोरलीच्या कानाकडे बघितलं, पेटीचं झाकण लावलं आणि गेली.

मग मैनेच्या गप्पांना ऊत आला. ती छापखान्याबद्दल सांगत होती, शाळेतल्या बाईंच्या चालीची नक्कल करत होती, आणि थोरली एक खूण कापत होती, एक घालत होती.

"इतकं हळू?" मैना म्हणाली. "सगळ्या एकदम काप ना. मग सगळ्या एकदम घाल. आमच्याकडे बाबा एकाच वेळी शंभर पानं कापतात."

पाटी समोरच होती. थोरलीने तिच्याकडे पाठ केली आणि कात्री चालवली. वीस कोटांच्या वीस खुणा कापल्या. टेबलावर धाग्यांचा एवढासा पुंजका झाला, रंगीत, मांजराच्या पिल्लासारखा. मैनेने त्यावर फुंकर मारली आणि धागे जमिनीभर उडाले. दोघी खूप हसल्या.

मग थोरलीने अंदाजाने खुणा घातल्या. कोट मोठा दिसला तर मोठ्या माणसाची, लहान दिसला तर लहान माणसाची. टेबलावर पडलेले काळे कोट, त्यातून सगळे सारखे शिवलेले. अंदाज तो काय बांधणार. मधेच तिला वाटलं, धाकटीला विचारावं. पण मग बोलवावं लागलं असतं.

मैना साडेसहाला गेली. थोरली तिला छापखान्याच्या दारापर्यंत पोचवून आली, आणि येताना गाणं गुणगुणत आली.

रात्रीचं जेवण वाढताना आई म्हणाली, "धाकटी कुठंय?"

थोरलीच्या हातातली वाटी तशीच राहिली.

कपाटाच्या खोलीत, चादरींच्या दोन गठ्ठ्यांमधे, धाकटी गुडघे छातीशी घेऊन बसली होती. दिवाही लावलेला नव्हता. फ्रॉक ओला झाला होता आणि खालची चादरसुद्धा.

"अगं, नऊ वर्षांची घोडी तू," आई कळवळून म्हणाली. "बाहेर यायला काय झालं होतं? मोरी काय परगावी आहे?"

"बोलावलं नाही," धाकटी म्हणाली.

कोणी बोलावलं नाही, हे आईने विचारलं नाही. तिला वाटलं, असेल काहीतरी धाकटीच्या डोक्यातलं. थोरली ताटातले घास मोजून खाल्ल्यासारखी जेवली आणि वर बघितलं नाही.

सोमवारी वाद्यवृंदाचे मास्तर दुकानात आले. सडपातळ, पांढऱ्या मिशांचे, बोलताना हात असे हलवणारे की समोरच्याला वाटावं आता आपण गायला लागायचंय. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"शनिवारी आम्ही एक फार हळुवार रचना वाजवत होतो," ते म्हणाले. "झोपलेल्या बाळाची. ती वाजवताना सभागृहात लोक श्वाससुद्धा जपून घेतात. आमच्या ढोलवाल्यांना त्यात एकच टोला आहे, शेवटी, अगदी हलका. त्यांनी त्यासाठी हात वर केला आणि कोट पाठीवर उभा फाटला. खांद्यापासून कमरेपर्यंत. टोला कोणाला ऐकू आला नाही. कोट सगळ्यांना ऐकू आला."

आत्याने पदर तोंडाला लावला.

"बासरीवाल्यांना कोणाचा तरी मोठा कोट मिळाला होता. त्याच्या बाह्या इतक्या लांब की बासरी आत गेली. बाहेर नुसते सूर येत होते. पुढच्या रांगेतली मुलं हसली, मग मोठी माणसं हसली." मास्तरांनी हात खाली घेतले. "ढोलवाले तीस वर्षं आमच्याकडे आहेत. परवापासून सरावाला आलेले नाहीत. त्यांची बायको म्हणाली, ते भिंतीकडे तोंड करून झोपलेत."

बाबांचा चेहरा इस्त्री न केलेल्या कापडासारखा झाला. मास्तर गेल्यावर त्यांनी सगळ्यांना दुकानात टेबलापाशी बोलावलं.

"खुणा कोणी बदलल्या?"

आई म्हणाली, वहीत बरोबर लिहिलंय. आत्या म्हणाली, मी यंत्रापाशी होते आणि मग तुमच्याबरोबर. यंत्र फुसफुसत होतं. आई आणि आत्या एकदम बोलायला लागल्या, बाबांचा आवाज चढला, आणि कोपऱ्यातल्या धाकटीने कान झाकले. दोनच आठवड्यांपूर्वी तिने पेटीतली सगळी रिळं गडदपासून फिकटपर्यंत नव्याने लावली होती, आणि आत्याला लाल धागा सापडायला अर्धा तास लागला होता. ते सगळ्यांना एकदमच आठवलं असावं. सगळ्या माना कोपऱ्याकडे वळल्या.

बाबांनी थोरलीला विचारलं, "तू घातल्यास ना खुणा? मग गडबड कशी झाली?"

थोरली एकच वाक्य बोलली.

"धाग्यांच्या पेटीपाशी तीच बसते."

यातला शब्द न् शब्द खरा होता. थोरली नंतर ते वाक्य मनात उलटंसुलटं करून बघायची, कपड्याची आतली बाजू बघावी तसं, आणि प्रत्येक वेळी ते आतून मळलेलं निघायचं.

"हे तू केलंस का?" बाबा धाकटीपुढे वाकून म्हणाले. "सांग. सांग ना. बोल पटकन." आई म्हणाली, अहो, हळू. आत्या म्हणाली, तिला काय कळतंय. यंत्र फुस्सकन बोललं. धाकटी स्टुलावरून उतरली, टेबलाखाली शिरली, आणि कपाळ गुडघ्यांना टेकून डुलायला लागली.

"झालं," बाबा म्हणाले. "कळलं मला."

त्यांनी पेटी उचलून कपाटावर ठेवली, सगळ्यात वर. "उद्यापासून दुकानात यायचं नाही. या पट्टीच्या अलीकडे पाय टाकायचा नाही."

दुसऱ्या दिवशी चार वाजता धाकटी हातपाय धुऊन आली आणि दारात उभी राहिली. दोन्ही पावलं घरात, अंगठे पितळी पट्टीला टेकलेले. पाऊलभर पुढे नाही. सहा वाजेपर्यंत ती तशीच उभी होती. मग आत गेली.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. रविवारी दुकान बंद, तरी ती बंद दुकानाकडे बघत उभी. आई म्हणायची, "बाळ, बस तरी." आत्याने स्टूल आणून ठेवलं, तर धाकटीने ते परत नेऊन ठेवलं, कारण त्या स्टुलाची जागा कोपऱ्यात होती. जेवण नुसता पांढरा भात, तोही इतर कशाला न लागलेला. गुणगुणणं बंद. शाळेतून चिठ्ठी आली की मुलगी वर्गात बाकाखाली जाऊन बसते.

थोरलीला दुकानात जायचं तर त्याच दारातून जावं लागे. ती अंग चोरून, धाकटीला धक्का न लावता जायची. धाकटी बाजूला सरायची, काही म्हणायची नाही. तिने जीभ काढून दाखवली असती, चिमटा काढला असता, आईला सांगितलं असतं, तर थोरलीला हायसं वाटलं असतं. ते काहीच होत नव्हतं. पाटीवरच्या तिसऱ्या नियमाकडे बघायचं टाळून टाळून थोरलीची मान दुखायला लागली.

एकदा मैना आली आणि दाराकडे बोट करून कुजबुजली, "ती बाईंची मुलगी अशी का उभी असते? पुतळाच." थोरलीने हसल्यासारखं केलं. ते हसू तोंडावर इतकं वाईट बसलं की तिने पाणी पिण्याच्या निमित्ताने आत जाऊन तोंड धुतलं.

आत्या मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होती. थोरली चिमटे द्यायला उभी राहिली.

"आत्या, तिला कळत नाही का गं? परवा बाबांनी विचारलं तेव्हा बोलली का नाही?"

आत्याने चादर झटकली. "मीही तेच म्हणाले होते, तिला काय कळतंय. माझी जीभ झडो. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं, आणि मी ते विसरले." तिने थोरलीच्या हातातून दोन चिमटे घेतले. "आता माझं तू ऐकतेयस. मागे यंत्र चालू आहे, रस्त्यावर गाडी आहे, वरच्या मजल्यावर कोणी कुटतंय. ते तुला ऐकू येतंय?"

थोरलीने कान दिला तेव्हा ते सगळं ऐकू आलं. त्याआधी नव्हतं.

"आपलं डोकं नको ते मागे सारतं, आपण न सांगता. तिचं सारत नाही. तिला सगळंच सारख्या मोठ्याने येतं. त्यात चौघं चार बाजूंनी बोललो, तर तिने कोणाचं उत्तर द्यायचं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकाने बोला, सावकाश बोला, एकच विचारा, आणि मग वाट बघा. वाट बघायला काही जोर लागत नाही. पण आम्हाला घाई." आत्या चादरीच्या पलीकडे गेली. "आणि बघ, अजूनही तिला तसं कोणी विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही. मला वाटतं मला भीतीच वाटते, ती काय सांगेल त्याची."

दहा दिवसांनी, गुरुवारी, थोरली पाच वाजता दारापाशी जमिनीवर बसली. धाकटीच्या अंगठ्यांशेजारी. यंत्र बंद होतं, बाबा बाहेर गेले होते. आई काउंटरवर होती, पाठमोरी. थोरलीने एकच प्रश्न निवडला होता. आदल्या दिवसापासून निवडत होती.

"मी खुणा चुकवल्या हे तुला माहीत आहे का?"

आणि मग ती थांबली. मनात साठपर्यंत मोजलं. पुढे आणखी मोजलं. धाकटीचे अंगठे पट्टीवर एकदा वर-खाली झाले.

"हो," धाकटी म्हणाली. "जमिनीवर धागे होते. गुरुवारी सकाळी मी वीस रंगांचे धागे वेचले. एकदम कापले की एकदम पडतात."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"तिसरा नियम," धाकटी म्हणाली. "चूक ज्याची त्यानेच सांगायची. ती तुझी आहे. मी सांगितली तर ती चुकीची होईल."

थोरलीला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. पण जमीन जागेवरच होती, आणि धाकटीचं बोलणं संपलेलं नव्हतं.

"तू सांगणार आहेस म्हणून मी थांबले. आज दहा दिवस झाले. तू विसरलीस का? तू मैनेला म्हणालीस, मी बाईंची मुलगी. तेही चूक आहे. आपली आई एकच आहे. ती काउंटरवर आहे." तिने आईकडे बोट दाखवलं, जणू थोरलीला आई ओळखायला मदत करावी. "आणि तू म्हणालीस मी बोलावल्याशिवाय यायचं नाही. मग आईने हात धरून काढलं. तू बोलावलं नाहीस. ते अजून राहिलंय."

तिच्या आवाजात राग नव्हता. धुवायला दिलेले कपडे गिऱ्हाईक मोजून सांगतं, तसं तिने सांगितलं होतं. थोरलीला रडू आलं तेव्हा धाकटीने कान झाकले, कारण रडण्याचाही आवाज होतो. मग थोरली तोंडात रुमाल कोंबून रडली.

त्याच संध्याकाळी सांगायचं असं तिने ठरवलं. बाबा आले, चहा प्याले, ती त्यांच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, आणखी चहा हवा का?" बाबा नको म्हणाले. झालं. एवढंच जमलं.

शुक्रवारी सव्वाचारला मास्तर आले. मागून एक मुलगा हातगाडीवर वीस कोट, फाटलेला शिवून घेतलेला, घेऊन आला आणि टेबलावर टाकून गेला. आणि मास्तरांच्या पाठीमागे, दारातून आडवे होऊन यावेत इतके रुंद, पण आज अंग चोरून, ढोलवाले आले. मोठा माणूस लहान व्हायचा प्रयत्न करतो तेव्हा बघवत नाही.

"उद्या पुन्हा कार्यक्रम आहे," मास्तर म्हणाले. "चार-पाच जणांनी आपापले कोट ओळखले, बाकीचे अजून भांडतायत. आज खुणा नीट करून द्या. यांना मी हाताला धरून आणलंय. आपला कोट स्वतः अंगात घालून बघितल्याशिवाय ते मंचावर येत नाहीत."

"चूक आमचीच," बाबा हात जोडून म्हणाले. "आमची धाकटी मुलगी जरा... तिचं जरा वेगळं आहे. तिने पेटीत हात घातला. आता तिला दुकानात येऊ देत नाही."

ढोलवाल्यांनी दाराकडे बघितलं. पट्टीला अंगठे लावून धाकटी उभी होती. त्यांची मान खाली गेली. सगळ्यांनी आपल्याकडे बघणं म्हणजे काय, हे त्यांना आता ठाऊक होतं.

त्याच वेळी मैना आत आली. येणारच होती, रोज यायची. थोरलीने तिला बघितलं, आणि क्षणभर वाटलं, उद्या सांगू. मैना नसताना. मास्तर नसताना. बाबांना एकट्याला, हळूच. मग तिची नजर धाकटीवर गेली. धाकटी तिच्या कानाकडे बघत होती. थांबली होती.

"मी केलं," थोरली म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की बाबा म्हणाले, "काय?"

"खुणा मी चुकवल्या. मी सगळ्या एकदम कापल्या. तिने हातही लावला नाही. मी तिला कपाटाच्या खोलीत बसवलं होतं आणि बोलवायला विसरले. विसरले म्हणजे... मैना होती म्हणून बोलावलं नाही." आता थांबता येत नव्हतं. "आणि मैना, आमच्याकडे कुठलीही बाई येत नाही. ती माझी बहीण आहे. मी खोटं बोलले."

आईने काउंटरची कड धरली. तिला ओला फ्रॉक आठवला असावा, कारण ती दाराकडे बघून मटकन बसली. मैना पहिल्यांदाच गप्प झाली, तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. थोरलीला वाटलं होतं की सांगितल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. फक्त आता सगळ्यांसमोर जड वाटत होतं.

ती ढोलवाल्यांकडे वळली. "काका, तुमच्यावर लोक हसले ते माझ्यामुळे."

ढोलवाल्यांनी घसा साफ केला. "मुली, हसले ते हसलेच," ते म्हणाले. "आता मला एवढंच सांग, माझा कोट यातला कुठला?"

"मला माहीत नाही."

बाबांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि कपाटावरून पेटी काढली. तिच्यावर धूळ बसली होती. ती त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पुसली, गरजेपेक्षा जास्त वेळ. मग दाराशी गेले आणि धाकटीसमोर उकिडवे बसले. तिच्याकडे न बघता पट्टीकडे बघत म्हणाले, "मी नीट विचारलं नाही."

धाकटीने बराच वेळ घेतला. बाबांनी तो घेऊ दिला.

"चार जण एकदम बोलत होते," ती म्हणाली. "यंत्र धरून."

"हो. आता ये तू दुकानात."

पण धाकटी हलली नाही. बाबांना कळेना. आई उठायला लागली, तिला मोरीतून आलेल्या आत्याने डोळ्याने थांबवलं. थोरलीला कळलं. ती टेबलापाशी होती तिथेच उभी राहिली, मैनेसमोर, मास्तरांसमोर, आणि म्हणाली, "ये. मी बोलावतेय."

धाकटीने घड्याळाकडे बघितलं. "चार वाजून सव्वीस मिनिटं," ती म्हणाली, आणि पट्टी ओलांडली.

पेटी उघडून तिने आधी रिळं तपासली. मग कोट. ती आतून बघत होती. एकाच्या कॉलरची डावी बाजू गुळगुळीत झाली होती, तो व्हायोलिनवाल्यांचा, हनुवटी टेकते तिथे. एकाच्या अस्तराला उजव्या काखेत ठिगळ, तो ढोलवाल्यांचा. ढोलवाल्यांनी तो घातला आणि हात वर केला. कोट गप्प राहिला. त्यांनी आणखी एकदा हात वर केला, उगीचच.

असे सतरा कोट तिने सांगितले. तीन उरले. ते तिने दोनदा हातांत घेऊन चाचपले आणि खाली ठेवले.

"हे माहीत नाहीत," ती म्हणाली. तिला त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नाही. मास्तर म्हणाले, मी त्या तिघांना पाठवतो, घालून बघतील. इतकं सोपं होतं ते. थोरलीच्या मनात आलं, त्या बुधवारी एवढे दोन शब्द मला म्हणता आले असते तर.

मैना दारापर्यंत जाऊन परत आली. "मला वाटलं होतं..." ती म्हणाली. मग तिने जमिनीवर पडलेला एक धागा उचलून टेबलावर ठेवला आणि गेली. उद्या येईल का, थोरलीला सांगता आलं नसतं.

थोरलीने दुसरं स्टूल आणलं आणि धाकटीच्या शेजारी ठेवलं.

"इतकं जवळ नको," धाकटी म्हणाली.

थोरलीने ते मागे सारलं. आणखी थोडं. धाकटीने हाताने दाखवलं तिथवर. मग कात्री घेऊन तिने एका कोटाची जुनी खूण कापली, नवी घातली आणि कोट धाकटीकडे दिला. धाकटीने तो बोटाने चाचपला.

"सैल आहे," ती म्हणाली, आणि टाके उसवून परत दिला.

थोरलीने पुन्हा घातले. दुसरा कोट तसाच पडून होता, त्याला तिने हात लावला नाही. यंत्र फुस्स करणार हे तिला आज आधी ऐकू आलं. तिने वर बघितलं. धाकटीचे दोन्ही हात कानांवर होते, आणि त्या हातांच्या आड, अगदी बारीक, तो एकच सूर सुरू झाला होता.